शीत-हुमण न सोडता अंग भरायचं, पोट उतरवायचं

जिमला नाव घातलं की पहिल्याच सोमवारी ताटातलं शीत (भात) जातं, ओट्सचा डबा येतो आणि कोंबडी बिनमिठाची उकडायला लागते. दोन आठवडे निभतं. तिसऱ्या आठवड्यात घरात बांगड्यांचं हुमण (नारळाच्या वाटणातली माशांची आमटी) शिजतं आणि ओट्सचा डबा फडताळात मागे सरकतो. गोव्यात राहून टिकेल असा आहार हवा असेल तर आपल्याच ताटाचं प्रमाण बदलावं. बहुतेकांच्या ताटात शीत डोंगराएवढं, हुमणाचा रस भरपूर आणि नुस्तें (मासा) एकच असतं. नुस्तें दोन करा आणि बाकीचं कमी करा.

आधी आकडे. बैठं काम आणि आठवड्याला तीन दिवस व्यायाम असेल तर वजनाच्या किलोला ३०ने गुणा. ८० किलोच्या माणसाला वजन आहे तिथे राखायला साधारण २४०० कॅलरी लागतात. चरबी उतरवायची तर त्यातून ४०० वजा करा, २००० उरतील. प्रोटीन किलोमागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १३० ते १६०. वजन ११० किलो असेल तर गुणाकार ११०ने करू नका, गाठायच्या वजनाने करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का घट पुरे. ८० किलोला ती ४०० ग्रॅम होते. त्याहून फार वेगाने उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि जिममध्ये उचलता येणारं वजन घसरायला लागतं.

आता ताट. मध्यम बांगडा १५० ग्रॅमचा धरला, तर डोकं-काटे वगळून खाण्याजोगं मांस ८५-९० ग्रॅम निघतं. त्यात प्रोटीन १७ ग्रॅमच्या आसपास. म्हणून दुपारी दोन बांगडे, ३५ ग्रॅम झाले. शीत शिजवल्यावर वजन करा: २०० ग्रॅम म्हणजे २६० कॅलरी. उकड्या तांदळाच्या आणि सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या कॅलरीत सांगण्यासारखा फरक नाही, पण उकडं शीत पोटाला जास्त वेळ धरतं असं खाणारे सांगतात, ते करून बघायला हरकत नाही.

खरा छुपा हिशेब नारळाचा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३५० कॅलरी आणि ३३ ग्रॅम चरबी असते, प्रोटीन मात्र तीनच ग्रॅम. त्यामुळे हुमणातलं नुस्तें उचलून घ्या आणि रस एक डाव वाढा. दुसऱ्यांदा शीत घेतलं की रसही दुसऱ्यांदा येतो. बेत फसतो तो तिथेच. सोलकढी आवडत असेल तर नारळाचा रस न घातलेलं सोलांचं सार प्या. रवा लावून तळलेलं नुस्तें चवीला छान, पण तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात. तव्यावर चमचाभर तेलात भाजलं तर काही बिघडत नाही.

सकाळी हॉटेलातली भाजी-पाव, वर मिरची आणि गोड चहा घेतला तर पोट भरतं आणि प्रोटीन जेमतेम १० ग्रॅम मिळतं. त्याऐवजी तीन अंडी आणि पोदेराकडची (पाववाल्याकडची) एक पोयी, म्हणजे कोंड्याचा पाव, घ्या. संध्याकाळी व्हे पावडरीचा एक स्कूप, म्हणजे २४ ग्रॅम प्रोटीन, किंवा मूठभर भाजलेले चणे आणि दूध. रात्री २०० ग्रॅम बिनहाडाची कोंबडी, दोन चपात्या, काकडी-टोमॅटो, वाटीभर दही. हे सगळं २००० कॅलरीत बसतं आणि व्हे धरून प्रोटीन १४० ओलांडतं. व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन. जेवणातून आकडा गाठता आला तर ते घेऊ नका, पैसे वाचतील. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पूरक पावडर मात्र रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास ताकदीला खरोखर मदत होते. स्नायूत पाणी धरल्यामुळे सुरुवातीला वजन किलोभर वाढतं, ते चरबीचं नव्हे. जिममध्ये कुणी बिनलेबलाची पुडी किंवा इंजेक्शन पुढे केलं तर घेऊ नका.

व्यायाम आठवड्याला तीन दिवस, एकाआड एक. दोन बेत आलटून पालटून करायचे. पहिल्यात स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठका), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून रॉड वर ढकलणं) आणि एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं). दुसऱ्यात रोमानियन डेडलिफ्ट, उभ्याने खांद्यावरून प्रेस आणि लॅट पुलडाऊन (वरची दांडी छातीकडे ओढणं). प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये ६ ते १० रेप (वेळा), मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती. शेवटी दंड आणि पोटऱ्यांचे दोन-दोन सेट. प्रत्येक सेट 'अजून दोन निघाले असते' इथे थांबवा. रोज फक्त छाती आणि बायसेप्स मारणाऱ्यांचे टी-शर्ट बाहीत घट्ट होतात आणि पाय तसेच राहतात.

रोमानियन डेडलिफ्ट सगळ्यात जास्त चुकते, म्हणून थोडं सविस्तर. गुडघे किंचित वाकवून ठेवा, मग खाली वाकण्याऐवजी कुल्ले मागे ढकला, पाठीमागचं दार कुल्ल्यांनी लोटतो तसे. रॉड मांडीला घासतच खाली गेला पाहिजे. मांडीच्या मागे ताण जाणवतो आणि पाठ गोल व्हायच्या बेतात येते, तिथून परत वर या. बहुतेकांची ही जागा गुडघ्याच्या जरा खाली असते. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू दुखली तर बरोबर. कंबर दुखली तर रॉड अंगापासून लांब गेला होता किंवा वजन जास्त होतं.

वही ठेवा. बेंचला ४० किलोवर ८, ८, ७ निघाले, तर पुढच्या खेपेला तेच वजन. तिन्ही सेटमध्ये १० निघाले की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट लावून ४२.५. जिममध्ये सव्वाची प्लेट नसेल तर १२ रेपपर्यंत जा, मग ४५. रॉडचं स्वतःचं वजनही विचारून लिहा. सगळे रॉड २० किलोचे नसतात आणि जिम बदलली की हिशेब बिघडतो.

एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापलेलंच राहतं. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत उरका, विश्रांती मिनिटभर वाढवा आणि रेप एखादा कमी निघाला तर मनाला लावून घेऊ नका. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने रॉड गंजतात, घामेजल्या हातातून निसटतातही. टॉवेल आणि खडूची भुकटी पिशवीत असू दे. बाकीच्या दिवशी चालणं: पणजीत मिरामारच्या ओल्या वाळूवरून किंवा आल्तिनोच्या चढावर ४० मिनिटं.

वजन रोज सकाळी शौचानंतर, पाणी पिण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी लिहा. आदल्या रात्री खारें (खारवलेली सुकी मासळी) खाल्लं असेल तर काटा किलोभर वर जातो. ते मिठाने धरलेलं पाणी असतं. बेंबीजवळून कंबरही मोजा, पंधरा दिवसांतून एकदा. तीन आठवडे सरासरी हललीच नाही, तर ७५ ग्रॅम शीत आणि एक चमचा तेल कमी करा. नुस्तें कमी करू नका.

पण त्याआधी शनिवार तपासा. दिवसाला ४०० वाचवले तर आठवड्याचे २८०० होतात. मोठ्या तीन बिअर ८०० कॅलरीच्या, सोबत तळलेली सुंगटं (कोळंबी) आणि चिप्स ६००. अर्धा आठवडा एका टेबलावर गेला. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर बिअर आणि तारले मासे ही जोडी टाळाच. किडनी, रक्तदाब किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अंगाने बारीक असाल तर हाच हिशेब उलटा: राखण्याच्या आकड्यावर २००-३०० कॅलरी जादा, महिन्याला किलोभर वाढ पुरे. मग हुमणाचा रस पोटभर घ्या, सकाळच्या पेजेत खोबरं घाला, केळी खा.

अडचण येते पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, नुस्तें महागतं, पाठोपाठ श्रावण. दोन बांगड्यांची जागा ५० ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे (२६ ग्रॅम) आणि ५० ग्रॅम पनीर भरून काढतात. ६० ग्रॅम कोरड्या अळसांद्यांच्या (चवळीच्या) तोंडाकात, म्हणजे रस्सा-उसळीत, १४ ग्रॅम मिळतात, वाटण मात्र निम्मं घाला. सुकी सुंगटं प्रोटीनला चांगली, पण आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात कपात करूच नका. राखण्याच्या आकड्यावर या, नेवऱ्या-पातोळ्या खा, जिमला दोनदा गेलात तरी चालेल. काट्यावर दीड किलो चढलेला दिसेल. त्यातला बराचसा आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतो.