वॉशिंग्टनमध्ये नियम अडकला, तर आपण काय तयारी ठेवायची?

अमेरिकेत नवं सरकार आलं की पहिल्याच दिवशी व्हाइट हाउसमधून खात्यांना पत्र जातं: नवे नियम तूर्त थांबवा. २०२१ आणि २०२५, दोन्ही वेळा ते २० जानेवारीलाच निघालं. मग अमेरिकेच्या व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर 'नियम रद्द झाला' फिरू लागतं. ते पुढे पाठवण्याआधी आपला नियम नेमका कुठवर पोचला होता ते शोधा, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच ठरते.

फेडरल रजिस्टर म्हणजे तिथलं राजपत्र. त्यात नियम छापलाच गेला नसेल तर तो गुपचूप परत घेता येतो. छापला, पण लागू व्हायची तारीख यायची आहे, तर खात्याला ती ६० दिवस पुढे ढकलण्याचा विचार करायला सांगतात. विचार करा, इतकंच! म्हणून नवी तारीख छापून येईपर्यंत जुनीच धरून चला. लागू झालेला नियम मात्र अशा पत्राने हलत नाही. खात्याला तो काढायचा तर पुन्हा मसुदा, हरकती, अंतिम नियम असा सगळा फेरा आला.

शोधताना बातमीतल्या मथळ्यावर जाऊ नका. प्रत्येक नियमाला आरआयएन नावाचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवा आणि राजपत्राची पीडीएफ उतरवून घ्या.

एच-वन-बीवाल्यांनी, म्हणजे अमेरिकी कंपनीतल्या कुशल नोकरीचा व्हिसा असलेल्यांनी किंवा मागणाऱ्यांनी, २०२१ आठवावं. जागांपेक्षा अर्ज जास्त म्हणून होणाऱ्या लॉटरीऐवजी पगाराच्या श्रेणीनुसार निवड करणारा नियम ८ जानेवारीला छापून आला, लागू होणार होता ९ मार्चला. फेब्रुवारीत तारीख थेट ३१ डिसेंबरवर गेली आणि सप्टेंबरात कोर्टाने नियमच रद्द केला. त्या मार्चमध्ये लॉटरी जुन्याच पद्धतीने झाली. 'आपला पगार कमी, आपला नंबर कसला लागतो' म्हणून जे आधीच हात टेकून बसले, त्यांची संधी फुकट गेली. तेव्हा कंपनीच्या वकिलाला दोन्ही पद्धती धरून कागद तयार ठेवायला सांगा. शिवाय थांबलेली कल्पना मरत नाही: हीच २०२५ मध्ये नव्या मसुद्यातून परत आली. जुनी फाईल फेकू नका.

थांबणं दर वेळी वाईटच असतं असंही नाही. एच-वन-बीवाल्यांच्या एच-फोर व्हिसावरच्या जोडीदारांची कामाची परवानगी काढून घेणारा प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला आणि २०१५ची सोय तशीच राहिली.

तारीख पुढे गेली की कधी कधी हरकतींची खिडकी पुन्हा उघडते. आपलं म्हणणं आधीच लिहून ठेवा, आणि ते आपल्याच शब्दांत, आकड्यांसकट. शंभर जणांनी चिकटवलेला एकच मजकूर फारसा कामाचा नसतो.

शटडाऊन, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज थांबणं, हे प्रकरण वेगळं. व्हिसाचे अर्ज बघणारं खातं बहुतांशी फीवर चालतं, म्हणून ते सुरू राहतं. पण त्याआधी लागणारं एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने दिलेलं, मंजूर झालेलं हमीपत्र) श्रम खात्यातून येतं आणि पैसे संपले की ते अडतं. १ ऑक्टोबर २०२५ला तसंच झालं. तिथलं सरकारी आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं, म्हणून त्याआधी एलसीए हातात असू द्या. एच-वन-बीच्या मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. येऊ घातलेल्या नियमाच्या आशेवर तो लांबवू नका.