टँकमधला कंद पुरू नका, नुसता टेकवा

फिशटँकमध्ये टायगर लोटस किंवा अपोनोजेटॉन या पाणवनस्पतींचा कंद लावताना तो बटाट्यासारखा खोल गाडला, की बऱ्याचदा कुजतो. खालचा अर्धा भाग वाळूत, वरचा अर्धा उघडा, एवढं पुरे. वर-खाली कळत नसेल तर कंद पाण्यात नुसता सोडून द्या. कोंब फुटला की दिशा आपोआप समजते. बोटाने दाबल्यावर मऊ लागला आणि वास आला, तर मात्र लगेच काढून टाका. पाणी नासतं.

टायगर लोटसची रोपं वाढवणं तर फारच सोपं. कोंबाला चार-पाच पानं आणि खाली पांढरी मुळं आली, की ते रोप कंदापासून अलगद खुडून वेगळं लावा. उरलेला कंद फेकू नका! तो पुन्हा टेकवून ठेवला की बहुतेक वेळा नवा कोंब येतो. एका कंदातून अशी दोन-तीन रोपं सहज निघतात. पृष्ठभागाकडे धावणारी पानं देठाच्या बुडाशी कापत राहा, म्हणजे झाड खालीच बसकं, दाट होतं.

अपोनोजेटॉनची पानं अचानक गळायला लागली तर घाबरू नका. बऱ्याचदा तो विश्रांती घेत असतो. कंद कडक असेल तर राहू द्या.