डायरेक्ट-इनडायरेक्ट करताना काळाच्या या चुका टाळा

"ती म्हणाली की मी आजारी आहे." यात आजारी कोण? ती, हे सांगावंही लागत नाही. 'की'नंतर आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, काळासकट आणि 'मी'सकट. हीच सवय इंग्रजीत नेली की "शी सेड दॅट आय अ‍ॅम इल" होतं आणि आजारपण निरोप सांगणाऱ्याच्या गळ्यात पडतं. हवं होतं, "शी सेड दॅट शी वॉज इल".

ही खोड मोडायला शाळेत तक्ता घोकून घेतात: 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'वेन्ट'चं 'हॅड गॉन'. मग पोरं दिसेल ते मागे ढकलतात. आधी बाहेरचं क्रियापद बघा. "ही सेज" असेल तर आतला काळ हलत नाही: "ही सेज ही इज बिझी". आत मुळातच "हॅड लेफ्ट" असेल तर त्याच्यामागे जायला जागाच नाही, ते तसंच राहतं. 'शुड' आणि 'माइट'ही तसेच.

'सेड' असूनही काळ न बदलण्याची मुभा कधी असते, हे तक्ता सांगत नाही. पाणी 100 अंशांना उकळतं, हे सरांनी काल सांगितलं म्हणून आज खोटं होत नाही; तिथे "बॉइल्स" ठेवा, परीक्षेतही तेच अपेक्षित असतं. ऑफिसातलं उदाहरण जास्त मजेचं आहे. क्लायंट बुधवारी म्हणाला, शुक्रवारी पैसे देतो. गुरुवारी साहेबांना "ही सेड ही विल पे ऑन फ्रायडे" असं कळवलंत तर चालतं, कारण शुक्रवार अजून यायचाय. 'वुड'ही चालेल. पण सोमवार उजाडला आणि पैसे आले नाहीत, तर 'वुड'च हवं. "ही सेड ही वुड पे" यातली कुरकुर साहेबांना बरोबर ऐकू येते. परीक्षेत मात्र हा शहाणपणा नको, तिथे 'वुड' लिहा आणि गुण घ्या.

प्रश्नात काळ बरोबर येतो आणि क्रम घात करतो. "ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग" नव्हे, "व्हेअर आय वॉज गोइंग". आणि 'टोल्ड'नंतर 'टू' नको. "टोल्ड मी" म्हटलं की झालं.