जड धातूंच्या मातीत बायोचार मिसळण्याआधी

सगळ्यात आधी आर्सेनिक तपासून घ्या. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं: शिसं, कॅडमियम आणि जस्ताचा अहवाल पाहिला आणि लगेच बायोचार (लाकूड, काडीकचरा, खत असं काही कमी हवेत तापवून केलेला कोळसा) मिसळला. बायोचारने मातीचा सामू (पीएच) वाढतो. त्यामुळे शिसं-कॅडमियम मातीला धरून बसतात, पण आर्सेनिक उलट सुटतं आणि मातीतल्या पाण्यात उतरतं. म्हणून प्रयोगशाळेत ‘जड धातू तपासा’ असं मोघम सांगू नका. अर्जावर आर्सेनिक स्वतःच्या हाताने लिहा.

नमुना वरच्या १५ सेंटिमीटरमधून, बऱ्याच जागांची माती एकत्र करून घ्या. जस्ताचा मुलामा असलेलं अवजार किंवा बादली अजिबात नको, जस्ताचा आकडा खोटा येतो. अहवालात एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध धातू असे दोन्ही आकडे मागा. बायोचार धातू काढून टाकत नाही, अडकवून ठेवतो. एकूण आकडा जवळपास तोच राहणार. उतरायला हवा तो उपलब्ध. उपलब्ध धातू डीटीपीए पद्धतीने (त्या नावाच्या रसायनाने मातीतून धातू ओढून) मोजला असेल तर फेरतपासणीही डीटीपीएनेच करा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

बायोचार कशापासून केलाय ते विचारल्याशिवाय घेऊ नका. रंगवलेल्या किंवा कीड लागू नये म्हणून औषध पाजलेल्या लाकडाचा नको. त्यात तांबं, क्रोमियम आणि पुन्हा आर्सेनिकच असू शकतं. सांडपाण्याच्या गाळाचा असेल तर आधी त्याचीच तपासणी. कोंबडखताचा बायोचार शिशावर चांगला, कारण त्यातल्या फॉस्फेटमुळे शिशाचं न विरघळणारं खनिज बनतं. पण तेच फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणांवरून हुसकावतं. आर्सेनिकचा आकडा हातात नसेल तर हा निर्णय घेताच येत नाही. आकडा जास्त निघाला तर साधा बायोचार नकोच. लोहयुक्त बायोचार आणा आणि तोही आधी कुंडीत घालून पाहा. शेतात पाणी साचून राहत असेल तर आणखी जपा, साचलेल्या पाण्यात आर्सेनिक जास्तच सुटतं.

मातीच्या वजनाच्या २ टक्के बायोचार धरला तर १५ सेंटिमीटर खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण ४ किलो लागतो. एवढा विकत घ्यायच्या आधी कुंडीत वेगवेगळ्या मात्रा लावून बघा. बारीक केलेलाच घ्या, ढेकळं मातीत मिसळत नाहीत. पसरण्याआधी ओला करा, तोंडाला मास्क.

तुलनेसाठी एक पट्टा बायोचारविना सोडा. मिसळा, ओल टिकवा, काही आठवडे थांबा, फेरतपासणी, मग पेरणी. पालेभाज्या इतक्यात नकोत, त्या कॅडमियम पटकन ओढतात. सामू दर वर्षी तपासा. धातू ज्या पाण्यातून येतोय ते बंद झालं नसेल तर यातलं काहीच सुरू करू नका.