लोकांच्या प्रवासाचा सर्व्हे करायचाय? मग ‘रोज’ नको, ‘काल’ विचारा

ऑफिसातल्या नाहीतर सोसायटीतल्या लोकांना विचारून बस-ट्रेनबद्दल एखादं निवेदन द्यायचं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, मग कुणीतरी उत्साहाने ऑनलाइन फॉर्म बनवतं आणि पहिलाच प्रश्न टाकतं, सार्वजनिक वाहतुकीवर तुम्ही किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा. झालं, तिथेच सगळं बोंबललं. समजा आले 2, तर त्या 2 चं करायचं काय? बस उशिरा येते म्हणून 2, की गर्दीत पाय ठेवायला जागा नसते म्हणून, की रात्री स्टॉपवर अंधार असतो म्हणून? काही कळत नाही.

त्यामुळे आधी हे ठरवा की उत्तरं हातात आल्यावर नेमकं मागणार काय. फेऱ्या वाढवून हव्यात, शेवटची बस अजून उशिराची हवीय की स्टॉप हलवून हवाय? हे ठरलं नसेल तर फॉर्म पाठवूच नका, लोकांचा वेळ फुकट जातो.

आता मेन गोष्ट. "तुम्ही साधारण कसे जाता?" असं विचारलं की माणूस त्याला जे बरं वाटतं ते सांगतो, म्हणजे आठवड्यातून दोनदा गाडी काढणारासुद्धा बिनधास्त सांगणार की मी तर बसनेच जातो. त्याऐवजी "काल घरातून किती वाजता निघालात, मग काय काय केलंत?" असं विचारा आणि दारापासून दारापर्यंत एकेक तुकडा लिहून घ्या: स्टॉपपर्यंत चालत किती मिनिटं, उभं किती वेळ राहिलात, बसमध्ये बसायला मिळालं का, बस कुठे बदललीत, उतरून परत किती चाललात. चालणं लोक हमखास विसरतात, ते मुद्दाम विचारावं लागतं. जाणं आणि येणं वेगळं लिहा. आणि फक्त घर ते ऑफिस एवढंच विचारू नका हां, कारण मुलाला शाळेत सोडून, वाटेत औषधं घेऊन, मग कामावर जाणारी बाई त्या एका ओळीत मावतच नाही, आणि बस बदलताना तिचे हाल सगळ्यात जास्त होतात. सगळ्यांना एकाच दिवशी विचारू नका, वेगवेगळ्या वारांना विचारा, सुट्टीचा दिवस वेगळा ठेवा.

थांबण्याच्या वेळेवरून मात्र भांडणं होतात. प्रवासी म्हणतात बस येतच नाही, डेपोवाले म्हणतात दर 10 मिनिटाला सोडतो, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असू शकतात. कसं ते बघा. समजा 20 मिनिटांत दोन बस आल्या, पण एक 18 मिनिटांनी आणि दुसरी तिच्यामागोमाग 2 मिनिटांनी. सरासरी 10 च, कागद खूश. पण स्टॉपवर येणाऱ्या 10 जणांतले 9 त्या 18 मिनिटांच्या गॅपमध्येच सापडतात, त्यामुळे सरासरी थांबणं 5 मिनिटांऐवजी 8 मिनिटांच्या वर जातं, वर पहिली बस खचाखच भरलेली. उशीर झालेल्या बसला प्रत्येक स्टॉपवर जास्त माणसं मिळतात, चढ-उतार लांबते, ती अजून मागे पडते, आणि मागची रिकामी बस तिला येऊन गाठते, म्हणून तर दोन बस एकदम येतात. शिवाय उभं राहिलेल्या माणसाला 8 मिनिटं 15 वाटतात हेही आहेच. तेव्हा नुसतं विचारून भागणार नाही, दोन-तीन जणांनी घड्याळ घेऊन तासभर स्टॉपवर उभं राहून प्रत्येक बसची वेळ लिहून काढा. माझ्या मते अख्ख्या सर्व्हेत हाच कागद सगळ्यात वजनदार ठरतो.

विचारायचं कुणाला? फक्त स्टॉपवर उभं राहून विचारलंत तर बस सोडून दिलेला माणूस तिथे भेटणारच नाही, तो पार्किंगमध्ये भेटेल. आणि ग्रुपवर पोल टाकला की ज्यांचं डोकं फिरलंय तेच आधी उत्तर देतात. म्हणून गेटवर उभं राहा, येईल त्या प्रत्येक पाचव्याला विचारा, मग तो कशानेही आलेला असो. नाव-पत्ता अजिबात नको, जवळचा स्टॉप कळला तरी पुरतं.

मतं शेवटी विचारा, आणि अशी विचारा की काहीतरी सोडावं लागेल. "सेवा सुधारायला हवी का?" याला नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा, स्टॉप दाराशी पण बस 20 मिनिटांनी, की स्टॉप 10 मिनिटं लांब पण बस 5 मिनिटांनी? इथे लोक खरोखर विचार करतात. "मेट्रो आली तर वापराल का?" हा प्रश्न तर टाकूच नका, सगळे हो म्हणतात आणि नंतर तीच टू-व्हीलर काढतात. "बस सोडून दुसरं काही शेवटचं कधी घेतलंत, तेव्हा काय झालं होतं?" हे विचारा. आणि उशीर होऊ नये म्हणून रोज किती मिनिटं आधी निघता, हेही.

सवयीचा एक प्रश्न नक्की ठेवा: हा रस्ता कधी ठरवलात आणि त्यानंतर दुसरा ट्राय केलात का? लंडनमध्ये फेब्रुवारी 2014 मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद होती, लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटेने जावं लागलं. नंतर संशोधकांनी प्रवाशांच्या तिकीट-कार्डांचा डेटा तपासला तर साधारण 5 टक्के लोक संप संपल्यावरही जुन्या वाटेवर परत आलेच नाहीत. म्हणजे रोज जाणाऱ्यालाही आपली वाट सगळ्यात चांगली आहे हे माहीत असतंच असं नाही, त्याने दुसरी बघितलेलीच नसते.

मतांवर तारीखही टाका. स्टॉकहोममध्ये 2006 साली शहरात गाडी आणायला पैसे घ्यायचा प्रयोग झाला, सुरू होण्याआधी बहुतेक लोक विरोधात होते, सात महिने अनुभव घेतल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरच्या मतदानात शहरातलं बहुमत बाजूने गेलं. त्यामुळे काही बदललं की तेच प्रश्न तसेच्या तसे पुन्हा विचारा.

उत्तरं मांडताना थोडे लोक असतील तर टक्के लिहू नका, "23 पैकी 9" असं सरळ लिहा. सरासरीसोबत सगळ्यात वाईट दिवसाचा आकडाही द्या. आणि निवेदन एका पानात बसवा, वर मागणी, खाली स्टॉपवर लिहिलेल्या वेळा.