गोळी बदलल्यावर माणूस एका जागी बसेना, तेव्हा घरच्यांनी काय करायचं

माझ्या भावाची मानसिक आजारावरची गोळी बदलली आणि नवव्या दिवसापासून तो घरात नुसता फिरायला लागला. पलंगापासून दारापर्यंत, परत, पुन्हा तेच. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठायचा, टीव्ही बघायचा तो पण उभ्याने, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. आम्हाला वाटलं आजार उसळला. फोनवर डॉक्टरांना तेच सांगितलं, फार अस्वस्थ झालाय, कोणाचं ऐकत नाही, आणि त्यावर डोस वाढला. आता विचार केला की वाटतं घोळ आमच्या सांगण्यात होता, कारण तो आईला दोनदा म्हणाला होता, "भास वगैरे काही नाही गं, पण आतून कोणीतरी ढकलतंय, हे असंच राहणार असेल तर जगून काय करू." हे वाक्य आम्ही डॉक्टरांपर्यंत पोचवलंच नाही.

या प्रकाराला अकॅथिशिया म्हणतात. शब्द जुना आहे, हाश्कोवेत्स नावाच्या प्राग शहरातल्या डॉक्टरने १९०१ मध्ये वापरलेला, म्हणजे पहिली अँटीसायकोटिक (भास-भ्रमांवरची) गोळी येण्याच्या पन्नास वर्षं आधीचा. पण आज तो दिसतो तो बहुतेक या औषधांमुळेच. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी जास्त, नव्यांपैकी अ‍ॅरिपिप्राझोल आणि रिस्पेरिडोननेही होतो, क्वेटियापिन आणि क्लोझापिनने त्या मानाने कमी. उलटीवर देतात त्या मेटोक्लोप्रमाइडनेही होऊ शकतो, त्यामुळे बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगायचं.

आजार उसळलाय की गोळीचा त्रास आहे हे घरी बसून ठरवता येत नाही, ते डॉक्टरांचं काम. आपलं काम एवढंच की त्यांना ठरवता येईल अशी माहिती द्यायची. सगळ्यात मोठी खूण म्हणजे तारीख. गोळी सुरू झाल्यावर, बदलल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत चुळबुळ सुरू झाली असेल तर पहिला संशय गोळीवर घ्या. दुसरं, पेशंटलाच विचारा की त्रास कुठे होतोय. आजाराच्या अस्वस्थतेत माणूस बहुतेक वेळा कशाबद्दल तरी अस्वस्थ असतो, कोणी मागावर आहे, आवाज येतायत वगैरे. अकॅथिशियात कारण काहीच सांगता येत नाही, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, हलवले की क्षणभर बरं वाटतं, आणि परत तेच. काहीजण बाहेरून शांत दिसतात आणि आतून सोलून निघत असतात, म्हणून नुसतं बघू नका, विचारा.

आम्ही नंतर एक वही केली. तिच्यात गोळीचं नाव, डोस, बदलल्याची तारीख, त्रास कधी सुरू झाला, रात्री किती तास झोपला, आणि सलग किती मिनिटं बसू शकला. हे शेवटचं फार कामाला आलं, कारण "अस्वस्थ आहे" यातून काहीच कळत नाही पण "काल ४ मिनिटांच्या वर बसला नाही" यातून लगेच कळतं. डॉक्टर स्वतः तपासतात तेव्हाही पेशंटला थोडा वेळ बसवून आणि थोडा वेळ उभं करून बघतात, त्यामुळे फोनवर बोलून भागवण्यापेक्षा प्रत्यक्ष नेता आलं तर न्या.

फोनवर बोलायचं ते असं: "अमुक तारखेला गोळी बदलली, तमुक दिवसापासून बसवत नाहीये, झोप तीन तास, आणि मरण्याबद्दल बोललाय. हा अकॅथिशिया असू शकतो का?" शब्द वापरायला लाजू नका, डॉक्टरांना त्याचा राग येत नाही (एखाद्याला आला तर येऊ दे). पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कळवायचं.

आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मला माहितीये, त्या क्षणी सगळ्यांना तेच करावंसं वाटतं, पण एकदम थांबवली की आजार परत डोकं वर काढतो आणि आत्महत्येचा धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. एकूण हिशोबात ही औषधं जीव वाचवतात. डॉक्टरांकडे बरेच मार्ग असतात: डोस कमी करणं, औषध बदलणं, जोडीला प्रोप्रानोलॉल देणं (दमा असेल तर आधी सांगा, दम्याला ती चालत नाही). हात थरथरतात, अंग आखडतं म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल आधीच चालू असेल तर "साइड इफेक्टची गोळी चालूच आहे की" असं समजून गप्प बसू नका, ती अकॅथिशियावर फारशी चालत नाही. औषध बदललं तरी आराम दुसऱ्याच दिवशी पडेल असंही नाही. अ‍ॅरिपिप्राझोल निम्मं व्हायलाच शरीराला तीनेक दिवस लागतात आणि महिन्याचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते काही काढून घेता येत नाही. तोवरचे दिवस सांभाळायचे असतात.

सांभाळायचं म्हणजे पहिलं, सरळ विचारायचं. "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं वगैरे ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात नवीन विचार घुसतो ही भीती खोटी आहे, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. उत्तर ऐकून लेक्चर द्यायचं नाही, "आईबापाचा विचार कर" तर नाहीच नाही. "हा त्रास गोळीचा असू शकतो आणि त्यावर उपाय आहे" हे मात्र पुन्हा पुन्हा सांगा, कारण त्याला तो कायमचा वाटत असतो. दुसरं, घरातली सगळी औषधं एकाच्या ताब्यात, डॉक्टरांकडून थोड्याच दिवसांची घ्यायची, आणि इजा होईल असं काही हाताशी ठेवायचं नाही. ठरवलंय असं म्हणाला किंवा निरोपाची भाषा आली तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच इमर्जन्सीत न्यायचं किंवा तुमच्याकडच्या आपत्कालीन नंबरवर फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

इमर्जन्सीच्या आणखी दोन गोष्टी घाईत सांगते. जोरात ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम आणि भ्रमिष्टपणा हे एकत्र आलं तर तो जिवावरचा साइड इफेक्ट असू शकतो, थांबायचं नाही. मान वाकडी होणं किंवा डोळे वर चढून अडकणं दिसायला भयंकर असतं, पण इंजेक्शनने लवकर सुटतं, तरी न्यायचंच.

धोका फक्त चुळबुळीतूनच येतो असं नाही. वजन वाढणं, लैंगिक त्रास, सगळं बोथट वाटणं यानेही माणूस आतून खचतो आणि हे तो घरच्यांना सांगणार नाही, म्हणून डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याने बोलायला द्या. स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होतात तो आजार, ज्यावर ही औषधं मुख्यतः देतात) साधारण शंभरातले पाच जण आत्महत्येने जातात. सुरुवातीची वर्षं आणि हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे आठवडे सगळ्यात नाजूक, भास थांबलेले असतात आणि काय काय हातातून गेलं ते तेव्हाच लख्ख दिसायला लागतं. डिप्रेशनसाठी जोडीला अशी गोळी दिली असेल आणि वय २४ च्या आत असेल तर सुरुवातीला जास्तच लक्ष, अमेरिकेत त्या गोळ्यांवर तसा चौकटीतला इशाराच छापतात.

आत्महत्येचे विचार परत परत येत असतील तर क्लोझापिनबद्दल विचारा. ९८० पेशंटच्या, दोन वर्षं चाललेल्या तुलनेत ओलान्झापिनपेक्षा क्लोझापिनवर आत्महत्येचे प्रयत्न कमी दिसले, आणि स्किझोफ्रेनियात खास या कारणासाठी त्याला अमेरिकेत २००२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याची कटकट म्हणजे रक्ततपासणी, सुरुवातीला दर आठवड्याला. ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि पोट साफ होत नसेल तर तेही सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे दुखणं क्लोझापिनवर गंभीर होऊ शकतं.