दुसऱ्या गॅलक्सीत तारे कुठे जन्मतायत ते पुण्यात बसून कसं शोधायचं

गॅलक्सीच्या फोटोत गुलाबी ठिपका दिसला की 'इथे तारे जन्मतायत' म्हणून मोकळं व्हायची सवय आधी सोडा. तो गुलाबी रंग बऱ्याचदा फोटो प्रोसेस करणाऱ्याने दिलेला असतो, त्याने दुसरा रंग दिला असता तर तीच जागा हिरवी दिसली असती. त्यामुळे माझा नियम साधाय, आधी त्या ठिपक्याची खरी साइज किती ते काढा आणि मग तीच जागा निदान दोन वेगळ्या प्रकाशात बघा, रंगाचं नंतर बघू.

साइजचा हिशोब तोंडी होतो. गॅलक्सी १० लाख प्रकाशवर्षं लांब असेल तर आकाशातला १ आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे तिथले साधारण ५ प्रकाशवर्षं, अंतर वाढेल तसं त्याच पटीत वाढवत जायचं. एम ३३ ही गॅलक्सी आपल्यापासून साधारण २७ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिथे १ आर्कसेकंदाला १३ प्रकाशवर्षं. एम १०१ ही दुसरी गॅलक्सी सुमारे २ कोटी १० लाखांवर, तिथे १०० च्या आसपास. आता आपला मृगातला तेजोमेघ, एम ४२, घ्या, तो साधारण २४ प्रकाशवर्षं रुंद आहे, तो उचलून एम १०१ मध्ये ठेवला तर पाव आर्कसेकंदाचा होईल, म्हणजे जमिनीवरच्या साध्या टेलिस्कोपला नुसता बिंदू. थोडक्यात, एम १०१ च्या फोटोत जो गोळा फुगीर, पसरट दिसतोय तो मृगातल्यासारखा नाही, त्याच्या कित्येक पट मोठा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की फोटो बघायची नजरच बदलते.

सुरुवात लॅपटॉपवर करा, टेलिस्कोपच्या खरेदीला घाई नाही. ब्राउझरमध्ये अलादीन लाइट हा आकाशाचा नकाशा उघडा (फुकट आहे, काही इन्स्टॉल करायला लागत नाही) आणि सर्चमध्ये एम १०१ टाका. पहिल्यांदा साधा रंगीत डीएसएस सर्व्हे दिसेल, त्यात सर्पिल हातांवर गाठी गाठी दिसतात त्या नीट बघून ठेवा. मग लेयर बदलून गॅलेक्स लावा, हा नासाचा अल्ट्राव्हायोलेटवाला टेलिस्कोप २००३ ते २०१३ चालू होता. मधला पिवळट फुगवटा जवळजवळ गायब आणि हात एकदम उठून येतात, कारण अल्ट्राव्हायोलेट मुख्यतः गरम, मोठ्या, तरुण ताऱ्यांकडून येतो. मग टू-मास लावा, हा इन्फ्रारेड सर्व्हे आहे आणि त्यात जुन्या ताऱ्यांचं राज्य, इथे बरोबर उलटं होतं, मधला भाग चमकतो आणि गाठी विरतात. जी गाठ गॅलेक्समध्ये भडक आणि टू-मासमध्ये फिकी, ती तुमची पहिली उमेदवार. आता एनजीसी ५४६१, ५४६२ आणि ५४७१ अशी एकेक नावं सर्चमध्ये टाका, ह्या तिन्ही एम १०१ मधल्याच प्रचंड एच टू रीजन आहेत, म्हणजे तरुण ताऱ्यांनी उजळवलेले हायड्रोजनचे ढग, इतक्या मोठ्या की त्यांना एनजीसी ह्या यादीत स्वतःचे नंबर मिळालेत. ५४७१ तर पार बाहेरच्या टोकाला आहे, नवख्या माणसाला ती वेगळी गॅलक्सीच वाटते.

कुठला प्रकाश काय सांगतो हे नीट समजून घ्या, सगळी मजा इथे आहे. तारे होतात थंड मॉलिक्युलर गॅसमधून, तो गॅस रेडिओत कार्बन मोनॉक्साइडच्या सिग्नलवरून कळतो, चिलीतला आल्मा हा रेडिओ टेलिस्कोप हेच काम करतो. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे साधा अणुरूप हायड्रोजन, तो २१ सेंटीमीटरला दिसतो. पोळीच्या हिशोबाने अणुरूप हायड्रोजन म्हणजे डब्यातलं पीठ, मॉलिक्युलर गॅस म्हणजे मळलेली कणीक आणि एच-अल्फा म्हणजे तव्यावर फुगलेली पोळी. एच-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर, हा लाल प्रकाश येतो कारण अगदी मोठे तारे आजूबाजूच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि ते परत जोडले जाताना प्रकाश बाहेर पडतो. हे मोठे तारे साधारण ३० लाख ते १ कोटी वर्षांत संपतात, म्हणून एच-अल्फा दिसला म्हणजे गेल्या साधारण १ कोटी वर्षांतलीच गोष्ट. अल्ट्राव्हायोलेट मात्र थोड्या कमी वजनाच्या ताऱ्यांमुळे १० कोटी वर्षांपर्यंत रेंगाळतो. त्यामुळे अल्ट्राव्हायोलेट आहे पण एच-अल्फा नाही अशी जागा सापडली तर समजायचं की इथला कारभार होऊन गेला. आणि एच-अल्फाही नाही, अल्ट्राव्हायोलेटही नाही, पण २२-२४ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये भगभगतंय, तर आत तारे आहेत पण धुळीने झाकलेत. अलादीनमध्येच वाइज ह्या नासाच्या इन्फ्रारेड टेलिस्कोपचा लेयर लावून हे बघता येतं, फक्त त्याचं चित्र बरंच धूसर असतं, बारीक गाठी एकमेकांत मिसळतात.

फसवणारे प्रकार भरपूर. काटेरी किरण असलेला टोकदार ठिपका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला तारा मध्ये आलाय. मागची एखादी लांबची गॅलक्सी हातांच्या मधून डोकावते तीही गाठच वाटते. शंका आली की अलादीनमधून सिम्बाड ह्या ऑनलाइन यादीला विचारा, त्या जागेचा प्रकार लिहिलेला असतो. कधीकधी सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, असतो, मे २०२३ मध्ये एम १०१ मध्ये जो फुटला, एसएन २०२३आयएक्सएफ, तो एनजीसी ५४६१ च्या अगदी शेजारी होता आणि त्यात नवल काहीच नाही, मोठे तारे जगतातच इतके थोडे की जन्मले त्या गल्लीतून फार लांब जायच्या आत मरतात.

रंगाचा घोळ एसडीएसएस ह्या आकाशाच्या सर्व्हेमध्ये सगळ्यात जास्त. त्यांच्या चित्रात लाल फिल्टरला हिरवा रंग दिलेला असतो, त्यामुळे एच-अल्फा सोडणाऱ्या जवळच्या जागा गुलाबी न दिसता हिरवट-निळ्या दिसतात. ह्याच रंगसंगतीमुळे २००७ मध्ये गॅलक्सी झू ह्या वेबसाइटवर फोटो चाळणाऱ्या हौशी लोकांना छोट्या हिरव्या गोल गॅलक्सी सापडल्या, ग्रीन पी, म्हणजे मटारचे दाणे. तिथे ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा रेडशिफ्ट होऊन (गॅलक्सी लांब जात असली की प्रकाश लालकडे सरकतो) त्या 'हिरव्या' फिल्टरमध्ये येऊन बसली होती आणि जवळजवळ अख्खी गॅलक्सीच धडाधड तारे बनवत होती. हौशी लोकांनी लावलेला शोध आहे हा, त्यामुळे घरी बसून काय होणार असं म्हणू नका.

आता डोळ्यांनी बघायचं असेल तर. सगळ्यात सोपं एम ३३ मधलं एनजीसी ६०४, सुमारे १५०० प्रकाशवर्षं रुंद, आत २०० च्या वर भारी तारे, आणि १७८४ मध्ये विल्यम हर्शेलने ते नोंदवलं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमाराला एम ३३ पुण्यात जवळपास डोक्यावर असते, त्यामुळे कुठल्या दिशेला अंधार आहे ह्याची फिकीर नाही, भोर म्हणा, वेल्हे म्हणा, कुठेही जा, फक्त शहराबाहेर जा, कारण गॅलक्सी इतकी फिकट पसरलेली आहे की कोथरूडच्या गच्चीवरून ती बघणं विसराच. सहा-आठ इंची टेलिस्कोप पुरतो. मध्यापासून ईशान्येला १२ आर्कमिनिटांवर एक धुरकट डाग शोधायचा. दिशा कळत नसेल तर ट्रॅकिंग बंद करा, चित्र ज्या बाजूने बाहेर सरकतं ती पश्चिम. मग आयपीस आणि डोळ्याच्या मध्ये यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टर (तेजोमेघांचाच प्रकाश जाऊ देणारे) आत-बाहेर करा, गॅलक्सी विझेल आणि डाग टिकून राहील, हीच तुमची पडताळणी.

एम १०१ जरा कष्टाचं. सप्तर्षीत वसिष्ठ-अरुंधतीपासून पूर्वेला बारीक ताऱ्यांची रांग जाते, तिच्यावरून सरकत पोचायचं. ही गॅलक्सी उत्तरेला असते, पुण्यातून जास्तीत जास्त ५४ अंश वर चढते, म्हणून भोरकडे गेलात तर पुण्याचा उजेड बरोबर समोर येणार. त्यापेक्षा जुन्नर, नाणेघाटाकडे जा, शहर पाठीमागे पडतं. एप्रिल बरा, मे मध्ये वळवाचे ढग संध्याकाळी हमखास घोळ घालतात. आणि कोणी सांगितलं की मॅजेलॅनिक क्लाउड ह्या शेजारच्या गॅलक्सीतला टॅरँट्युला तेजोमेघ बघू, तर आपल्याकडून तो क्षितिजाच्या जेमतेम अडीच अंश वर येतो, धुळीतच जातो, नाद सोडा. स्वतःचा टेलिस्कोप नसेल तर १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यातच आहे, त्यांच्या आकाशदर्शनाला जा.

कॅमेरावाल्यांसाठी एकच युक्ती, पण कामाची. एच-अल्फा फिल्टरने एक फोटो, साध्या लाल फिल्टरने दुसरा, आणि साइरिल ह्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल मॅथने लाल फोटो योग्य त्या प्रमाणात कमी करून पहिल्यातून वजा करा. सामान्य तारे दोन्हीत सारखे असतात म्हणून जातात, उरतात त्या फक्त गाठी. हे शहरातूनही बऱ्यापैकी जमतं. मात्र गॅलक्सी पळत असते हे विसरू नका, एम १०१ चा वेग सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर, त्याने रेषा अर्धा नॅनोमीटरच सरकते, चालतं. ५००० किलोमीटरवाली घेतलीत तर ११ नॅनोमीटर सरकेल आणि ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये काहीच येणार नाही.

खरोखर लांबच्या गॅलक्सींना वरचा ५ प्रकाशवर्षांचा हिशोब चालत नाही, तिथे विश्व प्रसरण पावतंय त्याचा परिणाम येतो, नेड राइटचा ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरा आणि रेडशिफ्ट टाका. रेडशिफ्ट १ ला १ आर्कसेकंद म्हणजे तब्बल २६ हजार प्रकाशवर्षं. हबलला ०.१ आर्कसेकंद सुटं दिसतं असं धरलं तरी २६०० प्रकाशवर्षांच्या आतलं सगळं एकाच ठिपक्यात. म्हणजे ह्या गॅलक्सींमध्ये जे मोठे गठ्ठे दिसतात त्यातला एकेक गठ्ठा खरंच एक आहे की पाच-दहा एनजीसी ६०४ चिकटून दिसतायत हे नुसत्या फोटोवरून ठरवू नका. शिवाय आपल्या साध्या प्रकाशातला फोटो म्हणजे तिथला अल्ट्राव्हायोलेट, त्यामुळे गठ्ठे मुळात आहेत त्यापेक्षा उठून दिसतात, जेम्स वेबचा इन्फ्रारेड फोटो शेजारी ठेवून बघाच.

इतक्या लांबचं काम आपल्याकडेही होतं. पुण्यातल्या आयुका ह्या खगोलसंस्थेच्या कनक साहा यांच्या टीमने २०२० मध्ये भारताच्या उपग्रहावरून, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटवरून ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या गॅलक्सीतून येणारा अतितीव्र अल्ट्राव्हायोलेट पकडला. त्याच वर्षी एनसीआरए ह्या पुण्यातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेच्या लोकांनी खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ टेलिस्कोपने ७६५३ गॅलक्सींचे सिग्नल एकत्र रचून ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या गॅलक्सींमधला अणुरूप हायड्रोजन मोजला, एकेकटीचा सिग्नल तर हाती लागण्यासारखा नव्हताच. निघालं काय, तर तेव्हाच्या वेगाने तारे बनवत राहिलं असतं तर साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदला विज्ञान प्रदर्शन असतं, ४५ मीटरच्या डिश जवळून बघता येतात, शाळांच्या बस यायच्या आत सकाळी लवकर पोचा आणि जाताना नारायणगावची मिसळ खाऊन जा, दुपारी ऊन फार लागतं.